कपाटाशेजारची जागा

आमच्या नाशिकरोडच्या क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. ते कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस उभं राहील एवढी जागा. त्या जागेत मी दीड वर्ष काढलं. हात मागे, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर आणि तोंडात इंग्रजी. आज कुणाला सांगितलं तर हसतात. हसा बापडे. उभं तुम्हाला नव्हतं राहायचं.

झालं असं, की एफ.वाय.ला माझे बाकीचे सगळे विषय सुटले आणि इंग्रजी अडकलं. निकालाच्या दिवशी दादा कचेरीतून परस्पर कॉलेजात गेला, बोर्डावर नंबर बघून आला आणि दारात चपला काढता काढता एवढंच म्हणाला, "राहिलीस." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून कितीतरी मोठा. सरकारी कचेरीत कारकून होता. आमच्या अख्ख्या भावकीत खुर्चीवर बसून पगार घेणारा पहिला माणूस तो. विंचूरकडच्या आमच्या गावातून मला शिकायला नाशिकला आणलं ते त्यानेच, आप्पांशी भांडून. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा म्हणाले होते, "ने. पण नापास झाली की मागारी धाडायची." त्यामुळे माझं राहणं हे दादाचंच राहणं होतं, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं.

"इंग्रजी सुटल्याशिवाय एस.वाय.चं नाव काढायचं नाही," त्याने जाहीर केलं. "सुटलं तर कॉलेज. नाही सुटलं तर आप्पा म्हणतील तसं."

आप्पा म्हणतील तसं म्हणजे काय, ते सांगायची गरज नव्हती. आप्पांनी स्थळं बघायला कधीच सुरुवात केली होती.

आणीबाणी नुकतीच उठली होती. देशातली उठली म्हणे. आमच्या घरातली त्याच उन्हाळ्यात सुरू झाली.

दादाला इंग्रजी शिकवता येत नव्हतं, त्याला पाठ करून घेता येत होतं. तो खुर्चीत बसायचा, मांडीवर गाईड उघडायचा आणि मी म्हणायला लागले की ओळीखालून बोट सरकवत न्यायचा. मी चुकले की बोट थांबायचं आणि तो म्हणायचा, "हं." रागावणं नाही, ओरडणं नाही, नुसतं "हं". त्या "हं"चा मला असा काही धसका बसला होता की वहिनीने भाजी चाखून "हं" म्हटलं तरी मी हातातलं काम थांबवायची. मग दादा म्हणायचा, "पहिल्यापासून." मधूनच पुढे जायची सोय नाही. शेवटच्या ओळीला चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी तो कामावर जायच्या आत ग्रामर. कर्त्याचं कर्म करायचं, कर्माचा कर्ता करायचा. रामाने आंबा खाल्ला, मग आंबा रामाकडून खाल्ला गेला. एवढा खाल्ला तो आंबा, की शेवटी मला त्या आंब्याची दया येऊ लागली. दुपारी स्वयंपाकघरात शब्द. वहिनीने पिठाच्या डब्यावर विरुद्धार्थी शब्दांचा कागद चिकटवला होता. ती भाकरी थापता थापता विचारायची आणि मी कांदा चिरता चिरता सांगायची. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. "ब्रेव्ह?" ती विचारायची. "कावर्ड," मी म्हणायची. "बाई गं, मला तर सगळे एकसारखेच ऐकू येतात," म्हणून ती हसायची, आणि तेवढंच काय ते त्या घरात हसणं.

संध्याकाळी परिच्छेद. गाय, पोस्टमन, पावसाळ्यातला दिवस, गावचा बाजार. आणि रविवारी खास पंगत असायची ती वाङ्मयाच्या कालखंडाची. रोमँटिक कालखंडावर टीप हमखास येते असं गाईडात छापलं होतं, वर चांदणी काढली होती, आणि दादाने त्या चांदणीभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता. रिटर्न टू नेचर. फ्री प्ले ऑफ इमॅजिनेशन. लव्ह ऑफ लिबर्टी. निसर्गाकडे परत चला, कल्पना मोकळी सोडा, स्वातंत्र्यावर प्रेम करा. हे सगळं मी खिडकीच्या गजांना टेकून म्हणायची. बाहेरच्या रस्त्यावरून माझ्याच वर्गातल्या मुली पुढच्या वर्षाची पुस्तकं छातीशी धरून बसस्टॉपकडे जायच्या. त्या दिसल्या की मी कपाटाआड सरकायची आणि दादा मान वर न करता म्हणायचा, "लिबर्टी नीट म्हण. तोंडातल्या तोंडात नको."

समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती. आमच्या वस्तीत ती घरोघरी असते. मी अडखळले की दादा तिकडे बोट करायचा. "त्यांनी काय काय सोसलं, आणि तुला साधं इंग्रजी सुटेना?" त्या तसबिरीपुढे तोंड वर करून "मला कंटाळा आलाय" असं कुठली पोरगी म्हणेल? एखाद्या खाष्ट बापाने कोंडलं असतं तर मी दार तरी वाजवलं असतं. इथे मला कोंडत होते ते माझ्या भल्यासाठी, आणि दार सताड उघडं होतं.

त्यात पाहुणे. गावाकडचं कुणीही सिव्हिल हॉस्पिटलला आलं, कोर्टाच्या तारखेला आलं, की उतरायचं आमच्याकडे. शहरात आपल्या माणसाचं घर एवढंच होतं. पाहुणा पाणी प्यायला की दादाचं ठरलेलं, "ये गं, म्हणून दाखव." मग मी कपाटाशेजारी. पाहुणा बिचारा दुखणारं पोट धरून बसलेला असायचा, त्याला मी गाईच्या शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळं इंग्रजीत ऐकवायची. तो म्हणायचा, "लय भारी!" आणि दादाचं तोंड उजळायचं. मी नापास आहे हे मात्र तो कुणालाच सांगायचा नाही. "इंग्रजी स्पेशल करतेय," असं सांगायचा. ते ऐकून माझं डोकं असं सणकायचं! पण बोलले कधीच नाही. मी त्या जागेवर उभी राहिले की माझ्या तोंडून फक्त गाईडातलं बाहेर पडायचं.

एवढं करून ऑक्टोबरला मी पुन्हा राहिले. पुढच्या उन्हाळ्यातही राहिले. कारण सांगू? पोस्टमन आलाच नाही. एकदा नदी आली, एकदा ग्रंथालय. पाठ केलेलं आलं असतं तर मी पानं भरली असती, पण मनाचं एक वाक्य मला लिहिता येईना. नदीवर काय लिहू? गोदावरी लहानपणापासून बघितलेली, पण तिच्याबद्दल गाईडात काही नव्हतं. मी पेपर कोरा टाकून उठले आणि रिक्षात बसून ढसाढसा रडले.

"आता हा ऑक्टोबर शेवटचा," दादा म्हणाला. त्याचाही धीर सुटत चालला होता. "मला आप्पांना आता थोपवता येत नाही."

आणि ऑक्टोबरला थोडेच दिवस राहिलेले असताना आप्पा आले ते स्थळ घेऊनच. चांदवडकडचे लोक. मुलगा सरकारी नोकरीत, बाप नाही, मामाने वाढवलेला. आणि त्यांना आमच्या घराचा पत्ता कुणी दिला असेल? आमच्याच पाहुण्यांनी! "विंचूरवाल्यांची पोरगी फाडफाड इंग्रजी बोलती," अशी कीर्ती पार चांदवडपर्यंत पोचली होती. मुलाची मुंबईला बदली व्हायची होती, तिथे बायको इंग्रजीवाली हवी असं मामाच्या डोक्यात बसलेलं. म्हणजे ज्या इंग्रजीच्या जोरावर मी सुटणार होते, तीच मला बोहल्यावर नेऊन उभी करत होती. मला इतका संताप आला, की त्या दिवशी मी पिठाच्या डब्यावरचा कागद टराटरा फाडला. वहिनीने बघितलं आणि तुकडे उचलून चुलीत घातले.

रविवारी ती मंडळी आली. मामा, मुलगा आणि मुलाची आई. मामा बोलका, जाड मिशीचा, आल्या आल्या खुर्ची ओढून पसरून बसलेला. आई डोक्यावरचा पदर सावरत कोपऱ्यात. मुलगा नाकासमोर बघणारा, नवा शर्ट घातलेला. त्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. आप्पा नुसते इकडून तिकडे करत होते. दादा आपल्या खुर्चीत बसून होता.

मी पोह्यांच्या बशा दिल्या. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, सगळं झालं. मग मामांनी मिशीवरून हात फिरवला. "आता जरा इंग्रजी आईकू द्या की. त्याचीच लय वाखाणणी हाय."

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "म्हण," तो म्हणाला. "पोस्टमन म्हण."

माझे पाय आपोआप कपाटाशेजारी गेले. हात मागे गेले. मान ताठ झाली. काय सवय लागते बघा माणसाला.

"द पोस्टमन इज अ पब्लिक सर्व्हंट. ही वेअर्स अ खाकी युनिफॉर्म." एवढं नेहमीसारखं म्हटलं, आणि एकदम माझ्या डोक्यात आलं: या लोकांना इंग्रजीवाली मुलगी हवी आहे ना? मग इंग्रजी आलंच नाही तर? तर उठून जातील! माझं काळीज असं धडधडायला लागलं की मला वाटलं ते कपाटाच्या पत्र्यात वाजतंय. आणि मी पोस्टमनच्या अंगावर सरळ गाय घातली.

"ही हॅज टू हॉर्न्स अँड अ लाँग टेल. ही गिव्हज अस मिल्क."

म्हणजे पोस्टमनला दोन शिंगं आणि लांब शेपूट, आणि तो आपल्याला दूध देतो. दादाच्या हातात गाईड नव्हतं, पण सवयीने त्याचं बोट गुडघ्यावर सरकत होतं. शिंगं आल्याबरोबर ते थांबलं. मी "हं"ची वाट बघितली. उभ्या आयुष्यात त्या "हं"ची मी अशी वाट कधी बघितली नव्हती. म्हण ना रे, म्हटलं, म्हण एकदा! पण "हं" आलंच नाही. मग मी आणखी पुढे गेले. पोस्टमनला स्वातंत्र्याचं प्रेम आहे. तो निसर्गाकडे परत जातो. पावसाळ्यात त्याला गावच्या बाजारात विकतात. नवऱ्या मुलाला जोराचा खोकला आला आणि त्याने रुमाल तोंडावर दाबला. त्याला कळलं असावं. पण मामापुढे तोंड उघडायची त्याची तरी काय टाप?

"आरं वा वा!" मामांनी मांडीवर थाप मारली. "काय झटझट बोलती पोर! एका जागी अडाकली नाय! आप्पा, आमची पसंती हाय. साखर आना."

मी चुकले होते, जीव तोडून चुकले होते, आणि त्या खोलीत माझी चूक ओळखणारं कुणी तोंड उघडत नव्हतं. आप्पांचे डोळे भरून आले. वहिनी साखरेसाठी उठली, तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मी खिडकीचा गज घट्ट धरला. संपलं, म्हटलं. झालं आपलं.

"थांब," दादा वहिनीला म्हणाला.

ती दारात थांबली.

"ती नापास आहे," दादा मामांना म्हणाला. "इंग्रजीत नापास. एकदा नाही, तीनदा. स्पेशल-बिस्पेशल काही नाही, ते मी सगळ्यांना खोटं सांगत आलो. आणि आत्ता ती म्हणाली ते सगळं चूक होतं."

दीड वर्ष ज्या शब्दाला दादाने घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, तो शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने पाहुण्यांपुढे ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, झालं, आता उठतील. पण मामा काही साधा गडी नव्हता. तो खो खो हसला.

"अवो, नापास तर नापास! आमच्यात तरी कोन पास हाय? तिला काय कलेक्टर करायची हाय का? परीक्षाबिरीक्षा ऱ्हाऊ द्या आता. दिवाळीच्या आत बार उडवून टाकू."

आप्पाही सुटल्यासारखे हसले. वहिनी पुन्हा निघाली. दादा खुर्चीवरून उठला. त्याला उभं राहून काय करायचं ते कळत नव्हतं, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं.

"तिला नको आहे," तो म्हणाला.

"काय नको?" आप्पांनी विचारलं.

"लग्न. तिला शिकायचंय."

"तिनं सांगितलं का तुला?"

"सांगितलं."

"कधी?"

"आत्ता सांगितलं की, आप्पा. तुमच्यासमोर."

आप्पांना काही कळेना. ते माझ्याकडे वळले. आप्पा तसे वाईट नव्हते हो. त्यांना पोरीचं चांगलं झालेलं डोळ्यांनी बघायचं होतं, आणि चांगलं म्हणजे काय ते त्यांना एवढंच माहीत होतं. "व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

त्या जागेवर उभं राहून मी आजवर एवढं बोलले होते, पण माझ्या मनातला म्हणाल तर तो एवढाच शब्द बाहेर पडला होता.

मामा पाय आपटत गेले. मुलाच्या आईने जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला, का ते मला आजही कळलेलं नाही. आप्पा त्यांची समजूत काढत एस.टी. स्टँडपर्यंत गेले आणि तिथूनच परस्पर गावी निघून गेले. न जेवता. "माझ्या शब्दाची माती केली" असं ते गावात सांगत होते, आणि मग पुढची दोन वर्षं त्यांनी आमच्या घराची पायरी चढली नाही. दादाला ते फार लागलं. तो कधी बोलून दाखवायचा नाही, पण कुणी गावाकडचं आलं की पहिलं विचारायचा, "आप्पांनी काही निरोप दिलाय का?" पाहुणे येतच राहिले, त्यांची दुखणी आणि तारखा काय थांबतात? पण मला "म्हणून दाखव" असं त्याने पुन्हा कधी म्हटलं नाही.

ऑक्टोबरला काय झालं ते सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पेपरात परिच्छेदाला आलं रेल्वे स्टेशन. गाईडात ते नव्हतं. पण मला आता कळलं होतं, की वाक्यं उचलून इकडची तिकडे ठेवता येतात, कुणी मारत नाही. बाजारातली गर्दी मी फलाटावर आणली, पोस्टमनचा खाकी गणवेश हमालाला चढवला, आणि शेवटी दोन वाक्यं अगदी माझी लिहिली, नाशिकरोडच्या फलाटावर मी स्वतः बघितलेल्या एका बाईबद्दल. ती बाई कुणालाच पोचवायला आली नव्हती, नुसती गाड्या बघत बसली होती. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण उभं राहिलं. मी काठावर पास झाले, एस.वाय.ला गेले, आणि नंतर दिंडोरी तालुक्यात मास्तरीण होऊन नोकरीही केली. तो सगळा वेगळा पसारा.

मला मात्र आठवते ती त्या रविवारची दुपार. मंडळी गेली होती. पोह्यांच्या बशा तशाच पडल्या होत्या. वहिनी जमिनीवर बसून त्यातले शेंगदाणे वेचून खात होती, तिला घाबरल्यावर भूक लागायची. मी अजून कपाटाशेजारीच उभी होते, कारण हल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"किती वेळ उभी राहशील?" दादा म्हणाला. "सर तिथून."

मी सरकले. तो खुर्चीतून उठला, फळीवरचं गाईड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "बस," तो म्हणाला. मी खुर्चीत बसले. आणि दादा, माझा एवढा मोठा दादा, कपाटाशेजारच्या त्या जागेत शिरला. त्याच्या खांद्यांना ती जागा पुरेना, तो तिरका होऊन उभा राहिला. हात मागे घेतले. मान ताठ केली. नजर तसबिरीवर.

"बोट ठेव," तो म्हणाला. "चुकलो तर सांग."

"दादा, पुरे रे," मी म्हणाले.

"बोट ठेव म्हटलं ना."

मी बोट ठेवलं. तो म्हणायला लागला. दीड वर्ष ऐकून त्याला सगळं पाठ होतं. पोस्टमन सरकारी नोकर आहे. तो खाकी गणवेश घालतो. तिथे येऊन तो थांबला. वहिनीचा शेंगदाणा हातातच राहिला. दादाचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता, आणि डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी त्याने हात पुढे घेतले नाहीत, मागेच बांधून ठेवले.

"हं," मी म्हणाले.

"तिसऱ्या वाक्यालाच मला कळलं होतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "पण आप्पांपुढे तोंडच उघडेना."

मी गाईड मिटलं आणि खिडकीतून बाहेर फेकून दिलं.